हनुमंताच्या टँकरची तिसरी खेप

काल्याच्या आदल्या दिवशी हनुमंत ढवळे दुपारभर आपल्या टँकरच्या पोटात बसून होता. वरच्या झाकणातून त्याची बायको चांगुणा उकळत्या पाण्याची एकेक बादली खाली सोडत होती आणि हनुमंत काथ्याने पत्रा घासत होता. तिसऱ्यांदा घासून झाल्यावर त्याने पत्र्यावरून तळहात फिरवला, हुंगला आणि आतूनच सांगितलं, "आता ह्यात लेकरू निजवलं तरी चालंल."

"लेकरू न्हाई निजवायचं, आमटी घालायचीय," चांगुणा म्हणाली. "आनखी एक हात मारा."

हनुमंताने आणखी एक हात मारला.

बोरदरा हे पारनेर तालुक्यातलं दीडशे घरांचं गाव. चैत्रात तिथे सप्ता बसतो आणि शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर, चार हजार माणूस जेवतं. जेवण ठरलेलं, आमटी आणि भाकरी. भाकरी घरोघरून येते. आसपासच्या आठ गावांतूनही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येतात. आमटी मात्र गावाबाहेर गोरक्षनाथ आप्पांच्या मळ्यात शिजते, कारण चैत्रात पाणी असलेली विहीर तेवढी एकच. तिथून ती दोन किलोमीटरवरच्या मांडवात टँकरने आणायची. टँकरमधून आमटी म्हटलं की बाहेरच्या माणसाला हसू येतं. हसणाऱ्याने चार हजार माणसांची आमटी एकदा डोक्यावरून नेऊन बघावी.

इतकी वर्षं टँकर काष्टीकडून यायचा. यंदा हनुमंताने स्वतःचा टँकर घेतला होता आणि सप्त्याच्या मिटिंगमध्ये तो उभा राहून म्हणाला होता, "गावची आमटी गावच्या टँकरनं यावी, एवढंच माझं म्हननं हाय." दोघातिघांनी माना हलवल्या, त्या होकाराच्या नव्हत्या. पण सप्ता कमिटीचे प्रमुख गोरक्षनाथ आप्पा म्हणाले, "पोराला मान द्या. काय झालं तर माझ्यावर घ्या." अशा रीतीने आमटीचा मान हनुमंताकडे आला, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

झोप उडायला कारण होतं. बोरदऱ्यात माणसाचं आडनाव फक्त सातबाऱ्यावर राहतं. गावात चालतं ते ठेवलेलं नाव, आणि ते एका चुकीवरून कायमचं पडतं. एकाच्या आज्याच्या हातून पन्नास वर्षांपूर्वी सप्त्याची आमटी करपली. त्या घराला आजही 'करपे' म्हणतात, आणि लग्नपत्रिकेत आडनावापुढे कंसात तसं छापावं लागतं, नाहीतर लग्न कुणाकडचं हे भावकीलाही कळत नाही. दुसऱ्या एकाचा बाप पारनेरची एस.टी. समजून नगरच्या एस.टी.त बसला होता. ते घर 'उलटे'. ही नावं ठेवण्याचं काम बनुबाई करायची. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. पाण्याच्या टाकीखालचं पहिलंच घर तिचं. ओट्यावर बसून ती गाव बघायची, आणि तिने एकदा नाव ठेवलं की ते तीन पिढ्या धुतलं जात नसे.

हनुमंताची मुलगी आरती यंदा बारावीला होती. दोन-तीन वर्षांत तिची पत्रिका छापायची वेळ येणार होती. त्या पत्रिकेत कंसात काही येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

काल्याच्या दिवशी सकाळी हनुमंताने मांडवात पाण्याच्या दोन खेपा टाकल्या. दोन्ही वेळा केबिनमध्ये कमिटीची दोन-दोन माणसं बसलेली, त्यामुळे सगळं सुरळीत झालं. तिसरी खेप आमटीची. पहाटेपासून पाच कढयांत रटरटणारी आमटी बादल्यांनी टँकरमध्ये ओतली गेली, झाकणाभोवती ओलं फडकं गुंडाळलं, आचाऱ्याने नारळ फोडला आणि टँकरच्या नाकावर झेंडूचा हार चढवला. मग कीर्तन सुरू झाल्याचं ऐकू आलं आणि सगळेजण मोटरसायकलींवरून मांडवाकडे पळाले. हनुमंत एकटाच निघाला.

टँकर काठोकाठ भरला नव्हता. अर्धी वीत जागा रिकामी होती, आणि घोटाळा तिथेच होता. गच्च भरलेला टँकर मुकाट्याने चालतो. थोडा रिकामा असला की आतलं पातळ हिंदकळतं. ब्रेक दाबला की ते पुढे धावतं, गाडी सोडली की मागे जातं, वळणावर एका अंगाला कलंडतं आणि गाडीलाही आपल्याबरोबर ओढतं. पाण्याच्या वेळी हनुमंत याची पर्वा करत नसे. आज आत गावाची अब्रू हिंदकळत होती. त्याने सगळं लक्ष ब्रेक, गिअर आणि मागून येणाऱ्या डुबुक आवाजावर ठेवलं. रस्ता कुठे चाललाय हे बघायचं काम त्याने हातांवर सोपवलं.

हातांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. गेले तीन महिने रोज सकाळी हाच टँकर याच विहिरीवरून निघून, म्हसोबाच्या दगडापाशी डावीकडे वळून, टेकाडावरच्या गावच्या टाकीत रिकामा होत होता. मांडव उजवीकडे होता. टँकर डावीकडे वळला.

टाकी अर्धी जमिनीत, सिमेंटची, चौकोनी. पाहुणे येणार म्हणून ग्रामपंचायतीने कालच ती आतून घासून धुऊन कोरडी ठेवली होती. हनुमंताने नेहमीसारखा टँकर उताराला मागे घेतला, पाइप टाकीच्या तोंडात सोडला, कॉक उघडला आणि कडुलिंबाखाली बसून तंबाखू मळली. पहाटेपासून तो कढयांच्या वाफेत उभा होता, त्यामुळे वास त्याच्या अंगातच मुरला होता. नाकाने काही सांगायचं सोडून दिलं होतं. डोळ्यांपुढे मात्र मांडव दिसत होता. आपण आमटी व्यवस्थित आणली, आप्पा पाठ थोपटतायत, असं काहीतरी.

"आज पानी लईच दमानं जातंय," तो स्वतःशी म्हणाला. "पाइपात कचरा बसला आसंल."

वीस मिनिटांत मोकळा होणारा टँकर अर्ध्या तासाने मोकळा झाला. हनुमंताने पाइप उचलून झटकला. त्यातून एक तेजपान निघालं आणि त्याच्या अंगठ्यावर पडलं.

हनुमंताने तेजपानाकडे बघितलं. मग झेंडूच्या हाराकडे. मग तो टाकीच्या तोंडाशी गेला आणि वाकला. आत आमटी होती. मघाशी टँकरसारखी लांबट गोल असलेली आमटी आता टाकीसारखी चौकोनी होऊन निवांत पडली होती, आणि तिच्या लाल तवंगात हनुमंताचं तोंड दिसत होतं. ते तोंड बघण्यासारखं नव्हतं.

बादलीने उपसायची म्हटली तर तीनशे बादल्या झाल्या असत्या. तेवढ्यात टाकीच्या तळाशी गुळगुळ असा आवाज झाला आणि तवंग बोटभर खाली गेला. मग आणखी बोटभर.

अकरा वाजले होते. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा सूर्यभान रोज अकराला शाळेजवळचा व्हॉल्व्ह फिरवायचा. टाकीत पाणी असो नसो, अकराला व्हॉल्व्ह फिरवायचा. नाहीतर बायका ग्रामपंचायतीत तक्रार करतात. आज पाणी नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आज नळ कोरडे राहणार, हे त्याला कुणी लेखी दिलं नव्हतं. त्याने व्हॉल्व्ह फिरवला, चावी खांद्यावर टाकली आणि कीर्तनाला निघून गेला.

हनुमंत टेकाडावरून पळत सुटला. वाटेत बनुबाई ओट्यावर तांब्या घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, पण ती काही बोलली नाही. एरवी ती कुणालाही न बोलता जाऊ देत नसे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

व्हॉल्व्हच्या समोरच शांतवन मास्तरांचं घर होतं. मास्तर नोकरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण गावातल्या निम्म्या माणसांना तिसरी-चौथी त्यांनीच शिकवली असल्यामुळे ती माणसं अजून त्यांच्यापुढे बटणं लावून उभी राहत. दारात मास्तरांची बायको रेबेकाबाई बादली घेऊन उभ्या होत्या.

"हन्मा, बरा आलास. नळाला आमटी आलीय," त्यांनी सांगितलं. एरवी गढूळ पाणी आलंय हे त्या अशाच सांगत.

"बंद करा, बाई. नळ बंद करा."

"का? चांगली आहे की."

मास्तर चमचा घेऊन बाहेर आले. त्यांनी बादलीतली आमटी चाखली. "मीठ बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मग हनुमंताचा चेहरा बघून त्यांनी चमचा खाली ठेवला. "काय केलंस?"

हनुमंताने सगळं सांगितलं. "गुर्जी, चार हजार मानूस पंगतीला बसनार. नुस्ती भाकर कशी वाढायची? आप्पांनी माझ्यासाठी शब्द टाकला. आनि बनुआजी आता काय नाव ठेवंल ते ठेवंल, माझ्या पोरीला ते जलमभर पुरंल. चावी कुटंय व्हॉल्व्हची? निदान हाय ती तरी थांबवू."

"थांबवून काय करशील? पाइपात गेलेली पाइपात राहील. खाली आलेली वर जाणार आहे का?"

"न्हाई."

"मी तिसरीच्या वर्गात पेला, लोटा आणि ताटली घेऊन यायचो. आठवतं?"

"आठवतं, गुर्जी."

"काय शिकवलं होतं?"

गावाची अब्रू नळातून वाहत होती आणि मास्तर परीक्षा घेत होते. पण हनुमंताचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. "पानी वरनं खाली वाहतं."

"आणि?"

"आनि त्याला सोताचा आकार नस्तो. ज्यात घालू त्याच्यावानी हुतं."

"पेल्यातलं लोट्यात ओतलं, तर कमी होतं का?"

"न्हाई. तुमी परत पेल्यात वतून दाखवायचा."

"मग तुझी आमटी हरवलेली नाही," मास्तर म्हणाले. "टँकर हे एक भांडं होतं, गाव हे दुसरं. नळ वाहू दे, शेवटचा थेंब येईपर्यंत वाहू दे. दीडशे घरांत ती हंड्या-कळशीत बसली आहे. मांडवात भाकरी कशी येते?"

"घरोघरनं."

"मग आमटीलाही तीच वाट आहे. चल, आप्पांकडे जाऊ. तू काही बोलू नकोस, रडू तर अजिबात नकोस."

गोरक्षनाथ आप्पा घरीच होते आणि लुंगी-बनियनवर होते. पहाटे आमटी ढवळताना त्यांचे पांढरे कपडे माखले होते. काल्याच्या आरतीला उभं राहायचं तर ते धुणं भाग होतं, म्हणून त्यांच्या सुनेने, ज्योतीने, ते मशीनमध्ये टाकून ठेवले होते आणि ती नळ येण्याची वाट बघत होती. नळ आला. मशीनने आपलं आपण भरून घेतलं आणि फिरायला सुरुवात केली.

मास्तर आणि हनुमंत दारात पोचले तेव्हा ज्योती आतून सांगत होती, "मामा, मशीनमधनं फोडणीचा वास येतोय."

"मशीन तापली आसंल," आप्पा म्हणाले.

"तापल्याला जिऱ्याचा वास येत न्हाई."

मशीन उघडली. आप्पांचा सदरा आणि पायजमा आमटीत गोल गोल फिरत होते. मास्तरांनी चार वाक्यांत प्रकार सांगितला. आप्पा मशीनकडे बघत राहिले, मग हनुमंताकडे. हनुमंताने मान खाली घातली. त्या क्षणी आप्पांच्या मनात काय चाललं होतं हे समजायला विद्वान असण्याची गरज नव्हती: या पोराला मान द्या म्हणून सगळ्यांदेखत कोण म्हणालं होतं?

"कुनाकुनाला ठावं हाय?" आप्पांनी विचारलं.

"इथल्या माणसांना. आणि आमच्या घरी," मास्तर म्हणाले.

"मंग पुढं जाऊ द्यायचं न्हाई. मास्तर, मांडवाच्या लाउडस्पीकरवरनं काय सांगायचं ते तुमी लिहा. पर गावाला वाटलं पायजे की हे ठरवूनच हुतं."

"खोटं मी लिहिणार नाही, आप्पा."

"मंग खरंच आसं लिहा की ऐकनाऱ्याला कळू नये."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. दहा मिनिटांनी लाउडस्पीकरवरून गावभर सूचना ऐकू गेली: "यंदाची आमटी नळाद्वारे घरोघर पोचलेली आहे. सर्वांनी आपापल्या घरी आलेली आमटी गरम करून, ज्या भांड्यात असेल त्या भांड्यात, पावणेबारापर्यंत मांडवात आणावी. भांड्यांवर नावं घालावीत." मास्तरांनी कागद दोनदा वाचून बघितला होता. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गावात तोवर गोंधळ उडालेलाच होता. एकीने नवऱ्याने गंमत केली समजून नवऱ्याला झापलं होतं. एकीच्या दावणीला पाण्याऐवजी आमटी गेली होती आणि म्हैस मान वर करायला तयार नव्हती. वरच्या आळीत पातळ आणि खालच्या आळीत दाट आल्यामुळे, पाण्यावरून रोज होतं तेच भांडण आमटीवरून सुरू झालं होतं. पण सूचना ऐकली आणि सगळे एकदम गप्प झाले. कारण प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला: हे ज्या मिटिंगमध्ये ठरलं, त्या मिटिंगला आपण नव्हतो. आणि बोरदऱ्यात मिटिंगला नव्हतो असं कबूल करणं म्हणजे आपल्याला कुणी विचारत नाही असं कबूल करणं.

"नळानं सोडायचं ठरलं हुतं, मला म्हाईत हाय की," एकजण दुसऱ्याला म्हणाला.

"मीच तर सुचवलं हुतं," दुसरा म्हणाला.

चुली पेटल्या, गॅस पेटले. गोची एवढीच होती की आमटी अर्धवट भांड्यांत आली होती, आणि अर्धं भांडं घेऊन चारचौघांत जायचं कसं? मग प्रत्येकीने घोटभर पाणी घातलं, पाणी घातलं म्हणून थोडं तिखट घातलं, तिखट घातलं म्हणून वरून फोडणी दिली. जया नावाच्या एका नव्या सुनेने सासूची नजर चुकवून गुळाचा खडाही टाकला, कारण तिच्या माहेरी तसं करतात.

पावणेबाराला मांडवाकडे आमटी निघाली. हंड्यातून, कळशीतून, कुकरमधून, दुधाच्या किटलीतून, रंगाच्या धुतलेल्या डब्यातून, बाळाच्या अंघोळीच्या टबातून, आणि एका घरची तर दोन मोठ्या थर्मासांतून. जिथे जिथे ठेवली तिथला तिथला आकार घेऊन ती आली, आणि मांडवामागे मांडलेल्या तेवढ्याच मोठ्या पाच कढयांत ओतल्याबरोबर सगळे आकार सोडून परत एकच झाली. आचारी कढयांतली पातळी बघून चक्रावला. सकाळी त्याने ओतली होती त्यापेक्षा वीतभर जास्त भरली होती.

"वाढली कशी?" त्याने विचारलं.

"आमटी हाय, वाढायचीच," हनुमंत म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं धड वाक्य.

आप्पा आरतीला उभे राहिले ते फिकट पिवळ्या सदऱ्यात. उन्हात कपडे अर्ध्या तासात वाळले होते, रंग मात्र बसला होता. सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या दोघातिघा पोरांनी तो रंग कुठे मिळाला म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "घरीच केला."

पंगती बसल्या. चार हजार माणसांनी भाकरी कुस्करून आमटी ओरपली आणि परत मागितली. कीर्तनकार महाराजांनी तीनदा घेतली आणि हात धुण्याआधी माइक मागवून घेतला. "मी पुष्कळ गावं फिरलो," ते म्हणाले, "पण भाकरीच काय, आमटीसुद्धा घरोघरून येते असं गाव हे पहिलंच. प्रत्येक घरचा हात लागलाय ह्या आमटीला. म्हणून ही चव." सगळ्या गावाने मान डोलावली, जणू हे तर आमचं नेहमीचंच आहे. हनुमंत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो वाचला होता. इतका आनंद त्याला टँकर दारात आला त्या दिवशीही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमिटीची मिटिंग झाली. सूर्यभानने उठून सांगितलं की आमटी सोडताना व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे हिशेबाचं काम आहे आणि ते आपण चोख केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकजण म्हणाला, "महाराज येवढे बोलले तर पुढल्या सालापासून हीच रीत धरू. पर नळाची तरी काय गरज? ज्यानं त्यानं आपल्याच घरी करावी आनि मांडवात आनावी." सगळ्यांना हे पटलं, कारण आपल्याच घरची फोडणी महाराजांना आवडली अशी प्रत्येकाची खात्री होती. ठराव एकमताने झाला. सप्त्याच्या आमटीला यापुढे टँकर लागणार नाही.

आप्पांनी हनुमंताकडे बघितलं आणि नजर फिरवली. हनुमंतानेही हात वर केला होता. नाही करून सांगणार काय? ज्या मानासाठी तो तीन आठवडे झोपला नव्हता, तो मान एकाच खेपेत संपला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं हे कुणाला सांगताही येत नव्हतं.

घरी जायच्या आधी तो टेकाडावर टाकी बघायला गेला. दिवसभरात त्याने ती गरम पाण्याने तीनदा धुतली होती. परतताना खालच्या ओट्यावरून हाक आली.

"हन्मा, हिकडं ये. बस."

तो बनुबाईजवळ बसला. ती सरळ म्हणाली, "काल तुजा टँकर बगितला मी टाकीवर. हार घातल्याला."

हनुमंताच्या तोंडचं पाणी पळालं. आरतीची पत्रिका त्याच्या डोळ्यांपुढे आली, कंसासकट.

"मंग? नाव ठरलं का, आजी?"

"ठरलं हुतं. झ्याक हुतं. पर मोडलं."

"का?"

"बारा वर्सं झाली, माजं गुडघं मला मांडवात जाऊ देत न्हाईत," बनुबाई म्हणाली. "कुनाला आठवन आली तर डब्यात घालून आनत्यात. गार, गोठल्याली. कुनाला न्हाई आली तर त्येबी न्हाई. काल नळ सोडला आन वाफंची आमटी आली. माज्या दारात, बसल्या जागी. तांब्यानं घेतली आन भाकरीसंगं खाल्ली. जेच्या हातनं खाल्ली तेला नाव कसं ठिवू?"

हनुमंताने ओट्यावरच्या तांब्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं. "पर आजी, मी टँकर मागं घेतला तवाच तू बगितलं?"

"व्हय. म्या तर वासावरनंच वळखलं."

"अर्धा तास पाइप चालू हुता. हाक का न्हाई मारली?"

बनुबाईने त्याच्याकडे बघितलं, जसं मास्तर तिसरीच्या वर्गात बघायचे.

"मारली आसती तर तू थांबला आसतास," ती म्हणाली.

हनुमंत हसू लागला. पहिल्यांदा हळू, मग खांदे हलेपर्यंत. बनुबाई हसली नाही. तिने मिटिंगमध्ये काय ठरलं ते विचारलं. त्याने सांगितलं. तिचा चेहरा उतरला. टँकर नाही म्हणजे नळाला काही नाही, हे तिने लगेच ताडलं.

"पुढल्या साली मी आनीन," हनुमंत म्हणाला. "कढई उतरली की पयली तुजी. गार व्हायच्या आत."

"टँकरनं?"

"किटलीनं, आजी."

सकाळी सात वाजता तो पाण्याची पहिली खेप घेऊन टेकाडावर आला. पाइप टाकीत सोडला, आणि कॉक उघडायच्या आधी वाकून दोनदा हुंगला. अकराला तो दुसरी खेप ओतत असताना सूर्यभानने व्हॉल्व्ह फिरवला. खाली बनुबाईने नळाखाली तांब्या धरला, घोटभर पाणी प्याली आणि टेकाडाकडे तोंड करून ओरडली, "हन्मा, अळनी हाय रं आज."